बोअरचं पाणी आणि कच्ची डाळ

गुरुवार, जेवणं उरकल्यावर

इन्स्टंट गिझर बंद पडला. मेकॅनिक आला आणि न उघडताच यांना म्हणाला, "भाऊ, वहिनी फार वेळ चालू ठेवत असतील." मी म्हटलं, बोअरच्या पाण्याने आत क्षार साचलेत. तर हे म्हणतात, "तू थांब, त्यांना कळतं." इथे मेहरूणला राहायला आल्यापासून डाळ नीट शिजावी म्हणून नळाचं पाणी वेगळं भरून ठेवते, ती मी! मला कळत नाही?

शेवटी उघडला, तर कॉइलवर बोटभर पांढरा थर. बोटभर! वर हेच मला समजावतात, "अगं, बोअरच्या पाण्यात क्षार असतात."

संध्याकाळी मुद्दाम बोअरच्याच पाण्यात डाळ लावली.

"डाळ कच्ची कशी गं?"

म्हटलं, "मेकॅनिकला विचारा. त्यांना कळतं."