आधी दोन घास, मग सांगणं

माय,

आज वर्गात मला शून्य मिळालं, आणि ते तुझ्यामुळं. म्हणून हे पत्र. खरं तर तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं मी. तुझ्याशी नाही आणि तुझ्या लाडक्या लेकाशी, बालाजीशी तर नाहीच नाही. पण आज राहवलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. तिकडं कोणाकडून वाचून घ्यायचं ते तुझं तू बघ.

सकाळपासूनच माझं टाळकं फिरलेलं होतं. इथं जर्मनीत आमच्या वसतिगृहात सगळ्या मुलींत मिळून एक स्वयंपाकघर आहे. फ्रीज उघडला की कुणाच्या तरी चीजचा असा भपकारा येतो, की पावसाळाभर बुटात राहिलेले मोजे बरे! हे लोक ते चवीनं खातात गं. आणि संध्याकाळचं जेवण काय, तर गार ब्रेड. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काहून? चूल मेली का त्यांची?"

हे सगळं मी तुला सांगितलं होतं, आठवतं का? नाही आठवणार. कसं आठवेल? मी सांगत होते तेव्हा तू नव्हतीसच.

त्याचीच तर शिसारी येते मला, माय. माझी जर्मनची मोठी परीक्षा तोंडावर आली होती आणि तुला छातीत कळ आली. जवळा बाजारहून जीप निघाली आणि हिंगोली यायच्या आत तू गेलीस. आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, मुक्ताला सांगायचं नाही, तिचा पेपर होऊ द्या.

तेही मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण बालाजीनं काय केलं? तू रोज मला फोनवर आवाज भरून पाठवायचीस, "मुक्ते, जेवलीस का गं? लेकरा, पोटभर खा." रोज तेच, त्याच सुरात. त्यानं तुझे जुनेच आवाज शोधून तुझ्याच फोनवरून मला पाठवायला सुरुवात केली. रोज एक! तिकडं तुझी राख सावडून झाली होती आणि इथं माझ्या कानात तू विचारत होतीस, जेवलीस का.

आणि मी येडी उत्तरं देत होते! तुझा दहावा चालला असेल तेव्हा मी तुला सांगत होते, की इथं वरणाला फोडणी दिली की आग लागल्याची घंटा वाजते आणि सगळी बिल्डिंग खाली उतरते. हसत हसत सांगत होते. शेवटी दर वेळी विचारत होते, "आन् तू जेवलीस का, माय?"

परीक्षा झाली त्या दिवशी बालाजीनं व्हिडिओ कॉल केला. डोक्यावर टोपी. पहिलं वाक्य, "अक्का, पेपर झाला का?" दुसरं, "जेवलीस का?" मी म्हटलं हो, आत्ताच. मग त्यानं टोपी काढली. त्याच्या डोक्यावर नुकते कुठं केस फुटायला लागले होते.

मी पास झाले. ते सर्टिफिकेट मी कपाटात उलटं ठेवलंय. बघवत नाही.

त्याच कॉलवर बालाजी म्हणाला, "मायची रीतच हाय ती. मायनं आत्याला बी असंच सांगितलं व्हतं." म्हणजे दोष परत तुझ्यावरच! पण खोटं नव्हतं ते. आजोबा गेले तेव्हा आखाडा बाळापूरला आत्याला आणायला तुलाच पाठवलं होतं. अशा कामाला गावात तूच लागायचीस. आपल्या घरात चूल बंद, म्हणून शेजारच्या काकूकडून दशम्या भाजून घेतल्यास, फडक्यात बांधल्यास आणि जीपमध्ये बसलीस. मीही होते बाजूला. आत्याला म्हणालीस, "मामंजींची तब्येत जरा नरम हाय, चला." वाटेत चहाच्या टपरीवर जीप थांबवलीस, तिला दोन दशम्या खायला लावल्यास, वर पाणी पाजलंस. आणि मग तिचा हात धरून सांगितलंस.

मी तुला नंतर विचारलं, माय, आधी काहून नाही सांगितलं? तू म्हणालीस, "सांगितल्यावर कोन खातं, लेकरा? अन् रडायला बी ताकद लागती का न्हाई?"

पण तुला एक माहीत आहे का? आत्यानं त्या दिवसापासून दशमीला हात लावला नाही. माझ्यापाशी म्हणाली होती, "वहिनीच्या खाऊ घालन्यानं मी उभी राह्यले गं, पर तोंडाची ती चव जात न्हाई." हे तुला कोणीच कधी सांगितलं नाही. आज मी सांगते. मलाही आता कोणी "जेवलीस का" म्हटलं, की मी समोरचं ताट बाजूला सारते.

तर आजचा वर्ग. आता नर्सिंगच्या जर्मनची परीक्षा आहे. त्यात एक प्रसंग करून दाखवायचा असतो, की रुग्ण गेला आहे आणि त्याच्या नातेवाइकाला तुम्ही ते सांगताय. आमच्या बाई बोर्डासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आधी बसायला सांगा. मग पहिल्याच वाक्यात सांगा. 'गेश्टॉर्बन' म्हणजे 'वारले', हा शब्द आलाच पाहिजे. तब्येत बरी नाही, जरा गंभीर आहे, असलं काही चालणार नाही. माणसाला अंधारात ठेवणं हा त्याचा अपमान आहे."

माय, मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! वाटलं, या बाईंना उचलून जवळा बाजारला न्यावं, आणि आठवडी बाजारात भोंगा हातात देऊन उभं करावं. ऐका म्हणावं सगळ्यांनी!

मग माझा नंबर आला. समोर ट्युनिशियाची सलमा, माझ्याच बाकावरची. तिनं मुलगी व्हायचं, तिचे वडील गेलेले. मी वाक्य पाठ केलं होतं. ती खुर्चीवर बसली, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तुम्ही काही खाल्लंय का?"

सगळा वर्ग हसला. सलमा मात्र हसली नाही. तिनं खरंखुरं सांगितलं, "नाही." आणि मी काय करावं? पिशवीतून डबा काढला, चटणी लावलेली पोळी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आधी हे खा! बाईंनी डोक्याला हात लावला. शून्य. "तुम्ही तिला फसवताय," म्हणाल्या.

मला माझीच किळस आली. ज्या गोष्टीसाठी मी सख्ख्या भावाशी बोलत नाही, तीच माझ्या जिभेवर बसलेली! पण सलमा पोळी खाऊन झाल्यावर हळूच म्हणाली, "आता सांग." आणि मी सांगितलं. तो शब्द नीट आला, एकदाही न अडखळता.

वर्ग सुटला आणि बालाजीचा फोन वाजला. तो रोज करतो आणि मी रोज कापते. आज उचलला.

"अक्का? खरंच उचलला व्हय? बरी हाईस ना? जे..." आणि तो थांबला. तो शब्द माझ्यासमोर काढायचा नाही, एवढं त्याला कळलंय.

मी म्हटलं, "बाल्या, माय गेली त्या दिवशी तुला सांगायच्या आधी कोणी खाऊ घातलं होतं का?"

पलीकडं त्यानं आधी ट्रॅक्टर बंद केला. मग म्हणाला, "मला कोन सांगनार, अक्का? तिचं डोकं माझ्याच मांडीवर व्हतं. समद्यायला मीच सांगत राह्यलो. अण्णाला, आत्याला, काकाला. मला खायचं कोनी इचारलंच न्हाई."

मी वर्गाबाहेरच्या पायरीवर बसले.

"तूच तेवढी इचारायचीस," तो म्हणाला. "मायच्या फोनवर तुझा आवाज यायचा. आन् तू जेवलीस का, माय? मी ते ऐकायचो, अन् मंग कुठं चार घास खायचो."

माय, किळस अजून गेली नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तुझा आवाज असा वापरलेला मला कधीच पटणार नाही. पण मी त्याला त्याच फोनवर विचारलं, "आज जेवलास का?" तो "न्हाई" म्हणाला. म्हटलं, जा, आधी जेव.

आता तुला वचन देते. इथल्या दवाखान्यात ज्याचं माणूस जाईल, त्याला मी त्याच दिवशी, एका वाक्यात, खरं तेच सांगेन. लपवणार नाही. आणि सांगून झाल्यावर त्याच्यापाशी बसून त्याला दोन घास खायला लावीन, बाईंनी हजार शून्यं दिली तरी. आणि सुट्टी मिळाली की घरी येईन. तुझ्या चुलीवर दशम्या करीन, बालाजीला समोर बसवून पोटभर खाऊ घालीन.

आणि मग त्याच्याशी कडाकडा भांडीन.

तुझी, अजून रागावलेली,
मुक्ता