सावडीचा एक दिवस

आबा, तुमच्या नातीचं डोकं फिरलं आहे आणि हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगायची सोय उरलेली नाही. तिचे वडील तिच्या बाजूला. गावाकडचे माझे दादा-वहिनी तिच्या बाजूला. गिऱ्हाईक बायका ब्लाउजचं माप द्यायला येतात आणि ‘कित्ती धाडसी हो तुमची मुलगी’ म्हणून निघून जातात. त्यांचं काय जातंय म्हणायला! तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती, तुमची टोपी डोळ्यांपर्यंत घालून अंगणभर धडपडत फिरायची. आता पंचवीस वर्षांची घोडी झाली आहे आणि अंगण काही तिला पुरत नाही.

काय झालंय ते नीट सांगते. एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात, लॅबमध्ये, चांगली नोकरी होती. सकाळी कंपनीची बस दारात, संध्याकाळी दारात. ती तिने सोडली. कशासाठी, तर ऑस्ट्रेलियाला जायचंय. शिकायला नाही, लग्न करून नाही, नोकरीवरही नाही. त्या सरकारची म्हणे एक सोडत निघते, त्यात हिचा नंबर लागला. एक वर्ष तिथे राहायचं, फिरायचं, आणि फिरता फिरता मिळेल ते काम करायचं. याला ‘वर्किंग हॉलिडे’ म्हणतात. मी विचारलं, म्हणजे काम की सुट्टी? ती म्हणाली, दोन्ही. मी विचारलं, राहणार कुठे? म्हणाली, होस्टेलमध्ये, एका खोलीत आठ जण. मुलीच ना? तर हसली. आणि काम कसलं, विचारा. शेतावर. स्ट्रॉबेरी तोडायची! आबा, मी कपाळावर हात मारून घेतला. स्ट्रॉबेरीच तोडायची तर पोलादपूरहून एसटीत बस, घाट चढ, दीड तासात महाबळेश्वर. संध्याकाळी परत जेवायला घरी. त्यासाठी समुद्र ओलांडायला कशाला पाहिजे? तर मलाच समजावते, “आई, स्ट्रॉबेरी इम्पॉर्टंट नाहीये गं. जाणं इम्पॉर्टंट आहे.” बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

तिच्या बाबांना म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. ते रात्रपाळी करून आलेले, चहात बटर बुडवत म्हणाले, “पोरगी शहाणी हाय. जाऊ दे.” तेवढंच. मागच्या वर्षी ती एकटी हिमाचलला गेली, नंतर मेघालयात महिनाभर राहिली, तेव्हाही हेच वाक्य. पाठीवर तिच्याहून मोठी सॅक, तिला बाहेरून लटकवलेला डबा आणि चपला. डेपोत तिला सोडायला गेले तर समोरची एक म्हातारी मला विचारते, पोरीनं बिऱ्हाड हलवलं काय? मेघालयातून फोन आला की रेंज जायची, आणि मी शिलाई मशीनवर बसून एकच शिवण तीनदा उसवायची. हे कोणाला दिसत नाही. सगळ्यांना तिचे फोटो दिसतात.

आणि हिने घरच्या शेतात कधी पाऊल घातलं नव्हतं, हे ऐका. गावाला गेली की पडवीत पुस्तक घेऊन बसायची. आपल्या चिखलाची किळस, परक्यांच्या चिखलाचं कौतुक. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. या आषाढात मी म्हटलं, शेतावर काम करायचंय ना, मग लावणीला चल गावाला. दोन दिवस कंबर मोडून दाखव, मग जा कुठे जायचं तिथे. मला वाटलं होतं, अर्ध्या दिवसात रडत बांधावर येऊन बसेल आणि ऑस्ट्रेलियाचं भूत उतरेल. तेव्हा तिची व्हिसासाठीची डॉक्टरी तपासणी तेवढी राहिली होती. मुंबईतली तारीख मिळाली म्हणून घरभर नाचली होती. ती चुकली असती तर मुदतीत दुसरी मिळेल याची खात्री नव्हती.

तर आम्ही गावाला गेलो. तुमच्या वेळची वाडी राहिलेली नाही, आबा. वरच्या आळीत सात दरवाज्यांपैकी पाचांना कुलूप, सगळे मुंबईला. लावणीला माणूस मिळत नाही म्हणून उरलेल्यांनी सावड मात्र धरून ठेवली आहे, तुम्ही धरली होती तशीच. आज तुम्ही आमच्या खाचरात, उद्या आम्ही तुमच्या. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. सोमवारी आपल्याकडे खालच्या घरची काकी आणि तिची सून आल्या. काकीने पंचाहत्तरी ओलांडली, पण अजून वाकते, आणि एकदा वाकली की ओळ संपेपर्यंत वर बघत नाही. तुमची नात तिच्या शेजारी उभी राहिली. पहिल्या घटकेत दोनदा बसकण मारली, लावलेली रोपं तिच्या मागे तरंगायला लागली, तर काकी म्हणते, “पोरी, रोप खोच, हळदीकुकू लावू नको.” सगळे हसले. ती पण हसली, आणि परत वाकली. दुपारपर्यंत तिची रोपं उभी राहायला लागली. मी बांधावर भाकऱ्यांची पाटी घेऊन उभी. खरं सांगते, मला त्याचा रागच आला.

भाकरी खाताना दादा म्हणाला, “उद्या काकीकडं दोन बाया द्यायच्या. हिची मामी हाय. दुसरी कोण?”

मी म्हणाले, “ही जाईल.”

तिने भाकरी खाली ठेवली. “उद्या? आई, उद्या माझी मेडिकल आहे. सकाळी अकराला. मी पहाटे निघणारे.”

“माझ्या लक्षातच नव्हतं,” मी म्हणाले. “पण आता दिवस घेतलाय. माझी कंबर तुला माहीत आहे, आठ वर्षं झाली मी लावणीला वाकलेली नाही. आपल्या घरावर कोणाचा दिवस राहता कामा नये.”

हे शेवटचं वाक्य माझं नाही, आबा. ते तुमचं आहे. शब्दन् शब्द तुमचा, आणि आवाजही तुमचाच निघाला. दादानेसुद्धा मान वर केली.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, मला माहीत नाही. आपण त्यावर कधी बोललोच नाही. मी एकोणीस वर्षांची आहे. बारावी झाले आहे, मुंबईच्या एका इस्पितळात नर्सिंगला अर्ज केला आहे आणि मुलाखतीचं पत्र आलं आहे. ते मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर कागद फाटायला आलाय. आदल्या संध्याकाळी मी साडीला इस्त्री म्हणून ती गादीखाली घालून ठेवली. आई तापाने आडवी. तुम्ही बाहेरून आलात, पाय धुतलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “उद्या खालच्या घरी लावणीला जायचं. आपल्या घरावर कोणाचा दिवस राहता कामा नये.” तुमच्यापुढे तोंडातून शब्द कोण काढणार? सकाळी काकीच्या खाचरात वाकले, तिथून घाटाचा रस्ता दिसतो, आणि पोलादपूरकडे उतरणारी लाल गाडी मी पाहिली. काकीला वाटलं, पाऊस तोंडावर येतोय म्हणून मी तोंड पुसते आहे.

त्यावर्षी दिवाळीनंतर तुम्ही शिलाई मशीन आणलंत. पोलादपूरच्या स्टँडपासून वाडीपर्यंत पाठीवर, दोरखंडाने बांधून, मधे तीन ठिकाणी टेकत. पडवीत ठेवलंत आणि म्हणालात, “शीक.” मी शिकले. त्याच मशीनवर संसार केला, डेपोजवळ दुकान टाकलं, मुलीला शिकवली. पण तीस-पस्तीस वर्षं मी मनात हेच म्हणत आले, की माझ्या बापाला माझ्यापेक्षा काकीचा दिवस मोठा होता. तुमच्या तत्त्वाचा मला राग होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही होता. दिलेला शब्द पाळणारा माणूस, म्हणायचे मी लोकांना.

तर तुमची नात. मला वाटलं होतं भांडेल. तिला भांडता येतं, मी स्वतः शिकवलंय. पण तिने हात धुतले, नखांतला चिखल काढत बसली आणि मग म्हणाली, “ठीक आहे. वरती टाकीपाशी रेंज येते ना? पुढची तारीख मिळते का विचारून बघते.” आणि गेली. चिखलाने भरलेली पँट, अनवाणी, टेकाड चढत.

काकी भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला आता ऐकू कमी येतं, पण एवढं आलं होतं. म्हणाली, “खाण तशी माती, दुसरं काय. तुझा आबा पन असाच आलेला माझ्याकडं. आदल्या सांजला.”

“कशाला?”

“बोलला, उद्या माझ्या पोरीला लावणीला घे. मी बोलले, नको रे, तिला मुंबयचं बोलावनं हाय, माज्या कानावर आलंय. दिवस काय, मागनं दे. नायतर तूच ये, तुला काय लावता येत नाय? तर बोलला, नाय, तिलाच घे. मुंबयला गेलेली पोर परत येत नाय.” काकीने पाण्याचा घोट घेतला. “मंग बसून राह्यला अंगणात. चा दिला तो पन घेतला नाय. मला लय वाईट वाटलं गो. पन तुला कसं सांगू, तुझा बाप तो.”

आबा, मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजा. तत्त्व नव्हतंच. काकी दिवस मागतच नव्हती. तुम्ही घाबरला होतात, आणि घाबरलो म्हणायची लाज वाटली म्हणून सावड पुढे केलीत. मला इतकी चीड आली की तुम्ही समोर असतात तर पहिल्यांदा आवाज चढवून बोलले असते. एवढंच म्हणायचं होतं ना तुम्ही, की जाऊ नको, मला तुझ्याशिवाय करमणार नाही! मी कदाचित थांबलेही असते. कदाचित नसते. पण पस्तीस वर्षं चुकीच्या गोष्टीवर तरी रागावले नसते.

आणि दुसऱ्या क्षणी पाटी तिथेच टाकून मी टेकाड चढत होते. ती टाकीच्या कट्ट्यावर फोन कानाला लावून बसली होती. पलीकडे नुसतं संगीत वाजत होतं. मी म्हणाले, “ठेव तो फोन. तू पहाटेच्या जीपने जा. काकीकडे मी वाकते.”

“तुझी कंबर?”

“माझी कंबर माझी आहे. तुझ्या ऑस्ट्रेलियाची नाही.”

दुसऱ्या दिवशी मी वाकले. त्याच खाचरात, वहिनी एका बाजूला आणि काकी दुसऱ्या. दहा वाजता कंबरेने जाहीर केलं की ती आता सरळ होणार नाही, आणि पुढचे चार दिवस तिने शब्द पाळला. पहाटे घाट उतरणाऱ्या जीपचे दिवे मी अंगणातूनच पाहिले होते. दुपारी दादा बांधावरून ओरडला, “झाली गो तिची तपासणी! फोन आलेला!” काकी म्हणाली, “बरं झालं. आता तोंड पूस.” पाऊस थांबलेला होता, तेव्हा या वेळी तेही कारण सांगता आलं नाही.

आता ती पुढच्या महिन्यात जाते आहे. माझा वैताग संपला असं समजू नका. कुळथाची पिठी न्यायला तयार नाही, तिकडे पिठं अडवतात म्हणे. स्वेटर एकच नेते. परत कधी येणार विचारलं तर म्हणते, बघू. बघू! काल पाठीवर ती सॅक चढवून आरशासमोर उभी राहिली, पट्टे आवळून पुढे वाकली, आणि मला मशीन बांधून पडवीत शिरणारे तुम्ही दिसलात. त्या मशीनमागे काय होतं ते मला आता कळतंय, पण तेव्हा एका वाक्यात सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

मी सांगितलं तिला. काल रात्रीच्या जेवणाला, सगळ्यांसमोर. “तू जाऊ नयेस असं मला वाटतं. मला भीती वाटते. पण तू जा.” तिने उष्ट्या हाताने मला मिठी मारली, ब्लाउजला आमटी लागली. म्हणाली, “आई, तू त्या दिवशी माझ्यासाठी वाकलीस ना, ते मी जन्मात विसरणार नाही.”

खाई त्याला खवखवे, आबा. हे पत्र कुठे टाकायचं नाही, मशीनच्या खणात तुमच्या फोटोखाली राहील, म्हणून लिहिते. तपासणीची तारीख, मंगळवारची, तिने दुकानातल्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने गोल करून ठेवली होती, मी रोज त्याच्यासमोर बसते. दादा लावणी शनिवारी धरणार होता. ‘सोमवारी धर’ असा फोन त्याला मीच केला होता. हे मी तिला सांगितलेलं नाही.