निळ्या गाडीची मालकीण

१२ फेब्रुवारी

डॉक्टरताईंना,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून तुम्ही आधी शेवटची सही बघाल, आणि सहीवरूनही काही उलगडा होणार नाही. म्हणून सरळच सांगते. तुम्ही आणि हे वेगळे झालात, त्यानंतर काही वर्षांनी ह्यांचं जिच्याशी लग्न झालं, ती मी. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ह्यातच दोन कागद फुकट गेले. 'बाई' लिहिलं तर शाळेतल्यासारखं वाटायला लागलं, आणि नुसतं नाव घ्यायचा मला हक्क नाही. ओळखीची माणसं तुम्हाला डॉक्टरताई म्हणायची एवढं ऐकून होते, तेच लिहिलं.

तुमची तब्येत ठीक असेल. इकडे मी बरी आहे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी लवकर जाते, दुपारी घरी येते. थंडी ओसरायला लागली आहे.

काम गाडीचं आहे. तुमची ती निळी गाडी अजून आहे. निळी म्हणजे टपावरचा रंग आता कुठला म्हणून सांगता येत नाही, पण दारांवर अजून निळा आहे. मागचं डावं दार आतून उघडत नाही. मागची सीट फाटलेली आहे. कशानं फाटली विचारलं की हे म्हणायचे, "शेळीनं." मी आपली थट्टा समजून सोडून द्यायची. कार्यक्रम असला की ह्याच गाडीत स्पीकर, स्टँड, वायरींची भेंडोळी भरून हे सभागृहावर जायचे. तेव्हा तिची देखभाल तरी व्हायची. आता बॅटरी उतरली आहे आणि ती घरासमोर नुसती उभी आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या काचेवर नगरपालिकेनं कागद चिकटवला. नोंदणीची मुदत संपलेल्या, रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या महिनाअखेर उचलून नेणार आणि भंगारात काढणार. मी नोंदणीच्या कार्यालयात धावले. तिथं म्हणाले, गाडीचं पुस्तक आणा. ते काही सापडेना. कपाट, माळा, स्पीकरची खोकी, सगळं पालथं घातलं. ह्यांना वस्तू ठेवायची सवय होती, पण कुठं ठेवली ते आठवायची नव्हती. रिकाम्या हातानं परत गेले.

खिडकीतला कारकून म्हणाला, "हरवलं असेल तर दुसरं काढता येईल. गाडी कोणाच्या नावावर आहे?"

मी म्हटलं, "मिस्टरांच्या."

त्यानं पडद्यावर बघितलं. "नाही हो. गाडी बाईमाणसाच्या नावावर आहे."

ताई, क्षणभर मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, मला न सांगता माझ्या नावावर करून ठेवली. मी चक्क हसले. मग त्यानं नाव वाचलं. तुमचं.

"ह्या कोण तुमच्या?" त्यानं विचारलं. माझ्या मागं ही मोठी रांग. आपल्या भाषेत ह्या नात्याला एकच शब्द आहे, आणि तो भांडणाशिवाय कोणी वापरत नाही. मी म्हटलं, "ताई आहेत माझ्या."

"मग ताईंना घेऊन या," तो म्हणाला. "पुस्तक हरवल्याचं त्यांनीच लिहून द्यायला लागेल. पुढं गाडी तुमच्या नावावर करायची तर सहीही त्यांचीच."

इतक्या वर्षांत नाव का बदललं गेलं नाही, हे तुम्हाला विचारायचं नाही असं ठरवून बसले होते. विचारत नाहीच. आपोआप लिहिलं गेलं आणि आता खोडलं तर जास्तच दिसेल.

गाडी तुमची आहे. तुम्हाला हवी असली तर मी पुसून ठेवते. नको असली आणि सही करायला आलात, तर मला ठेवायची आहे. विकायची नाही. मला गाडी चालवताही येत नाही, मग ठेवून काय करणार असं म्हणाल. ते लिहिण्यासारखं नाही.

रागावू नका.

आपली,
(इथं काय लिहायचं ते सुचत नाही)


१९ फेब्रुवारी

अगं,

मी तुला अगंतुगंच करणार. वयानं मोठी आहे आणि मला लांबड लावून लिहिता येत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रंग लिहिलास, दार लिहिलंस, बॅटरीसुद्धा लिहिलीस. 'इकडे मी बरी आहे' म्हणालीस. आणि त्याच्याबद्दलचं एकेक वाक्य म्हणायचे, जायचे, होती, नव्हती. मला जनावरांची डॉक्टरकी येते, पण व्याकरणही थोडंफार कळतं. तो गेला ना?

पत्रातून कळवू नकोस. मी आले की सांग.

पत्र वाचलं आणि कामाला निघून गेले, कारण एका गाईचं वासरू पोटात आडवं होतं आणि तिला थांबायला सांगता येत नाही. खांद्यापर्यंत हात आत, आणि तिथं मला रडू फुटलं. गाईचा मालक घाबरून गेला. "डॉक्टर, फार वाईट आहे का हो?" म्हटलं, "नाही, माझं घरचं आहे काही." घरचं म्हणाले बघ. तोंडातून गेलं. वासरू बाहेर आलं, धडधाकट आहे. पाय झाडत होतं.

शेळी खरी होती. एका म्हातारबाबांची. पाय मोडला होता म्हणून भूल देऊन मागच्या सीटवर घातली, तर वाटेत शुद्धीवर आली आणि सीटच खायला लागली. तो गाडी चालवत होता. इतका हसला, की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. तुझा विश्वास बसला नाही ह्याचं त्याला नक्कीच वाईट वाटलं असणार.

आता तू न विचारलेलं. आमचं पटलं नाही. कोणी कोणाचा छळ केला नाही, आणि आम्ही एकत्र राहायला नको होतं एवढंच दोघांना कळलं. गाडी मीच माझ्या पगारातून घेतलेली, पण मला इकडे दवाखान्याची जीप मिळत होती. म्हटलं, तू ठेव, तुझी खोकी कशात नेशील? नाव बदलायला आम्ही दोघं गेलो होतो. आमचा नंबर आला आणि खिडकीवर जेवणाची सुट्टी झाली. हा म्हणाला, "चल, आपणही जेवून घेऊ." जेवलो. इतकं जेवलो, की परत रांगेत उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं. "पुढच्या आठवड्यात करू." तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही.

एवढीच गोष्ट आहे. तू त्यात माझ्यावरचं प्रेम शोधत बसली असशील, आणि बसलीच असशील, मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं. तर ते डोक्यातून काढून टाक. तो आळस होता, निव्वळ. त्या माणसानं आयुष्यात एक अर्ज पुरा भरला नाही. तुमच्या घराचं लाइटबिल कोणाच्या नावावर येतं ते बघ एकदा.

सोमवारी येते. उतरायची सोय करू नकोस, संध्याकाळच्या गाडीनं परत फिरेन. गाडी मला नको.

डॉक्टर


११ मे

प्रिय ताई,
नमस्कार.

नवं पुस्तक टपालानं आलं. आत माझं नाव आहे. मी ते दाराशीच उभ्या उभ्या वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं.

लाइटबिलही बघितलं. घर ज्यांच्याकडून घेतलं, त्या गृहस्थांच्या नावावर आहे! मी एकटीच इतकी मोठ्यानं हसले, की खालच्या मावशी वर बघायला आल्या. गेल्या कित्येक महिन्यांत वरून रडण्याचा आवाज आला तर त्या यायच्या. हसण्यावरून पहिल्यांदाच आल्या.

त्या सोमवारची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. नवी बॅटरी घालून तुम्ही गाडी कार्यालयात आणलीत, तपासणीच्या साहेबांनी बॉनेट उघडलं आणि आत कोरलेल्या नंबराचा ठसा घ्यायला कागद ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा तुम्ही हात पाठीमागं बांधून त्या साहेबांनाच "जोरात घास, जोरात घास" म्हणत होतात. कारकून माझ्या शेजारी उभा होता. मला हळूच म्हणाला, "तुम्हा बहिणींची चेहरेपट्टी अगदी एक आहे." तुम्ही चिडाल म्हणून तेव्हा बोलले नाही. आणि नंतर त्यानं तुम्हाला विचारलं ना, "गाडी विकताय की देताय?" तुम्ही त्याच्याकडे न बघता सही करत म्हणालात, "देतेय." तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.

तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत फिरणार होतात आणि दोन दिवस राहिलात, त्याबद्दल काय लिहू? निघताना तुम्ही मला खुर्चीत बसवून म्हणालात, "आता नीट सांग, कसा गेला." मी म्हटलं, हार्ट अॅटॅक. तुम्ही पुढं विचारलं नाहीत. पण ते सगळं नव्हतं. समोर बसून सांगता येत नव्हतं, म्हणून लिहिते.

दुपारची वेळ होती. जेवण झालं होतं. हे टेबलाशी बसून वायर गुंडाळत होते. म्हणाले, छातीत काहीतरी होतंय. बघता बघता घामानं शर्ट भिजला. मावशींनी आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना खाली आणलं. गाडी दारातच. मागच्या सीटवर बसवलं. किल्ली माझ्या हातात होती. आणि ताई, मग मी पुढच्या सीटवर बसले आणि मला काहीच येत नव्हतं. किल्ली लावायची कुठं तेवढं माहीत होतं. मावशींना येत नाही, गल्लीत त्या वेळी कोणी पुरुषमाणूस नाही. मावशी रुग्णवाहिकेला फोन करत होत्या आणि मी स्टिअरिंग धरून बसले होते. मागून हे म्हणाले, "शिकवायचं राहिलं बघ तुला." रागानं नाही. नेहमी म्हणायचे तसंच. रुग्णवाहिका आली तोवर बोलायचे थांबले होते.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतंत तरी फरक पडला नसता. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, मीही लॅबमध्येच काम करते, रिपोर्ट मला कळतात. पण रोज दाराशी ती गाडी उभी दिसायची. लोकांना वाटायचं मी ती आठवण म्हणून ठेवली आहे. मला ती भंगारात जायला नको होती, कारण मला त्याच सीटवर बसून शिकायचं होतं. दुसऱ्या गाडीत शिकून काही उपयोग नव्हता. हे कोणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील, म्हणून पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

तर शिकले. शिकवणारे सर फार शांत आहेत, मी चुकले की डोळे मिटून घेतात. क्लचवर पाय नको तिथं सुटायचा आणि गाडी उडी मारून बंद पडायची. मार्केटच्या चौकात एकदा अशी बंद पडली, की मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. मी काच खाली करून ओरडले, "चालू झाली की जाते ना!" घरी येऊन माझं मलाच आश्चर्य वाटलं. मी कधी रस्त्यात ओरडलेले नाही. परवा परीक्षा झाली आणि पास झाले.

मागची सीट शिवायला देणार होते. कारागीर म्हणाला, पूर्ण बदलू या. मी म्हटलं, शिवा फक्त. टाके दिसले तरी चालतील.

काल पहिल्यांदा एकटी निघाले. कोणी शेजारी नाही. नदीच्या पुलापर्यंत गेले, तिथं गाडी लावली आणि थोडा वेळ मागं वळून बघायचं धाडस केलं नाही. मग बघितलं. सीट रिकामी होती, ऊन पडलं होतं. मी म्हटलं, "आलं बघा मला." मोठ्यानंच म्हटलं. मग गाडी वळवून घरी आले. वळवताना दोनदा मागंपुढं करावी लागली, पण कुठं घासली नाही.

ताई, तुम्ही म्हणाला होतात, तुमच्याकडे गावाबाहेर रस्ता सरळ आहे आणि वाहनं कमी. रविवारी सकाळी निघते. मावशी बरोबर येते म्हणतात, त्यांना वासरू बघायचंय, पण खरं म्हणजे माझ्यावर त्यांचा भरवसा नाही. सावकाश येणार आहे, मागच्या सगळ्यांना पुढं निघून जाऊ देणार आहे. म्हणून जेवायला थांबू नका. आणि वाट बघत दवाखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिलात तर जरा बाजूलाच राहा. मला चालवता येतं, पण म्हणाल तिथं थांबवता अजून येत नाही.

तुमची,
येतेच आहे