काकूंच्या दारावरचा कागद

मंगळवार, मतदानाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. जत.

"आमचं मत विकाऊ नाही" हा कागद दारोदार चिकटवत महिनाभर फिरलो. आज त्यातला एक स्वतःच्याच हातानं काढला. तोही शेजारच्या शेवंताकाकूंच्या दारावरचा.

दुपारी एका उमेदवाराच्या माणसांनी त्यांना कुकर दिला आणि तळहातावर हळदीचा भंडारा ठेवून मत त्यालाच देईन अशी बिरोबाची शपथ घ्यायला लावली. मी गेलो तेव्हा तळहात अजून पिवळा होता. चिडलोच. म्हटलं, "काकू, कुकर परत देऊन टाका की!"

"कुकर देते रं. शपथ कुणाला परत देऊ?"

मत गुप्त असतं, कोण बघतंय, असं म्हणणार होतो. पण काकूंना? उसनी साखर नेली तर वाटी शिगोशीग भरून परत करणारी बाई. त्यांच्या खरेपणालाच दावं बांधलं मेल्यांनी. आणि आम्ही काय घेऊन गेलो होतो? कागद.

"तेवढा कागद काढ बाबा," काकू म्हणाल्या. "दारावर खोटं नको."

खळ वाळून घट्ट झाली होती, निघेना. मग कागद भिजवायला काकूंनीच तांब्याभर पाणी आणून दिलं. टँकरचं पाणी, तेही त्या पिवळ्या हातानं.