कार्डावरची पाच वाक्यं

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची. दोन पिशव्या, एक उशी आणि पिटुकलीने बळेच दिलेला तिचा पिवळा खडू, एवढा संसार घेऊन बसमधून उतरले. खोली दुकानाच्या वरच आहे. खिडकी एकच, पण चांगली मोठी. समोर चष्म्याचं दुकान आणि एक न्हावी, जो गिऱ्हाईक नसलं की आरशात स्वतःचेच केस विंचरत बसतो. नळाला पाणी आहे, दाराची कडी नीट लागते. आणखी काय हवं?

नोकरी ताईने मिळवून दिली. दुकानाची मालकीण तिची शाळेपासूनची मैत्रीण. मी बालवर्गाला शिकवत होते ती शाळा बंद पडली, तेव्हापासून ताई मागे लागली होती की तुझ्या त्या तोंडाच्या पट्ट्याचं काहीतरी कर. माझं बस्तान बसेपर्यंत पिटुकली, म्हणजे माझी सहा वर्षांची लेक, ताईकडेच राहणार. ताईला मूल नाही, पोरीवर तिचा फार जीव. आई गेल्यावर मलाही तिनेच वाढवलं. तिचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

रोज संध्याकाळी सातला फोन आणि फोनवर एक गोष्ट, असं पिटुकलीशी ठरलंय. आज गोष्ट राहिली बाजूला, तिनेच मला साबणाच्या वेष्टनावरचं सगळं वाचून दाखवलं. नवीनच वाचायला लागलीय. मनातल्या मनात वाचणं तिला अजून जमत नाही, जे दिसेल ते मोठ्याने वाचते. मला हसूही आलं आणि रडूही.

मंगळवार, ४ तारीख

कामाचा पहिला दिवस. मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पुढे काउंटर, मागे कारागिराचं टेबल आणि बाजूला मालकीणबाईंची काचेची खोली. गेल्याच आठवड्यात फोनच्या कंपनीने नवं अपडेट पाठवलं आणि सगळ्या गावाचे फोन बिनसले. कुणाची बॅटरी दुपारीच मान टाकते, कुणाचा फोन तव्यासारखा तापतो, कुणाचा कॅमेरा उघडत नाही. आपण फोनच्या पाठीला चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर तक्रार आणि कुलपाचा आकडा लिहायचा. मग क्रमाने जायचं: आधी बंद करून चालू करा, मग साठलेला कचरा साफ करा, मग नको ती ॲप काढा, आणि काहीच नाही जमलं तर बॅकअप घेऊन सगळं पुसून अपडेट पुन्हा घाला. मी दुपारपर्यंत शिकलेसुद्धा.

माझं खास काम मात्र शेवटचं. नीट झालेला प्रत्येक फोन काचेच्या खोलीत न्यायचा आणि माइकची चाचणी म्हणून एक कार्ड वाचायचं. आधी एक ते वीस आकडे, मग पाच वाक्यं. अरे वा, आज लवकर आलात. असं कसं चालेल, मी रागवेन हं. पुढे काय झालं, सांगू? घाबरू नकोस, मी इथेच आहे. आणि शेवटी, हो, चालेल, तुम्ही म्हणाल तसं. ज्या त्या वाक्याला जो तो भाव आलाच पाहिजे म्हणे. भावाचं मला सांगता? वीस पोरांना एका वेळी गोष्टीत गुंतवलेली बाई मी. मालकीणबाई म्हणाल्या, इतका मोकळा आवाज खूप दिवसांनी मिळाला.

मागे बसणारा कारागीर बोलत नाही. मुका नाही, असं मालकीणबाई सांगतात, नुसता घुम्या आहे. काही हवं असेल तर चिठ्ठीवर लिहितो. मी त्याला मनात मौनीबाबा म्हणायला लागले. मी कार्ड हातात घेतलं तेव्हा तो माझ्याकडे बघून नाही नाही अशी मान हलवत होता. काय शिष्ट माणूस आहे.

सोमवार, १० तारीख

आजवर एकशे बारा फोनांना कार्ड वाचलं. घसा थोडा बसलाय. मालकीणबाईंनी स्वतः कोमट पाणी आणि मीठ आणून दिलं. इतकी माया करणारी मालकीण बघितली नव्हती.

सातला पिटुकलीला उंदराची गोष्ट सांगितली. शेवटी आवाज फाटला. ती म्हणाली, आई, तू उंदरासारखीच बोलतेस. ताई मागून हसत होती.

गुरुवार, १३ तारीख

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. एक बँकेतल्या बाई आल्या. तक्रार अशी की त्यांचा फोन आधी पुरुषाच्या आवाजात बोलायचा, रस्ता सांगायचा, निरोप वाचून दाखवायचा. परवा अपडेट घेतल्यापासून बाईच्या आवाजात बोलतो, आणि त्या कामात असल्या की परस्पर कॉल घेऊन लोकांशी गप्पाही मारतो. तशी त्यांची ना नाही, आवाज फार गोड आहे, पण आधीच्याची सवय झाली होती. मी फोन कानाला लावला.

माझा आवाज होता. मी कधी उच्चारलीही नव्हती अशी वाक्यं, पण हेल माझा, बोलता बोलता मध्येच घेतलेला श्वाससुद्धा माझा.

मी मालकीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, स्वतःचा आवाज कुणालाच नीट ओळखता येत नाही, आणि तू दिवसभर तेच ऐकतेस म्हणून भास होतोय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगते, मला पटलं.

शनिवार, १५ तारीख

आज माझ्या हातून काहीतरी वाईट झालं. काय, ते अजून नीट कळत नाही.

एका निवृत्त मास्तरांचा जुना फोन दोन दिवसांपासून मौनीबाबाकडे पडून होता. तक्रार साधी, जागा भरली म्हणून अपडेट होत नाही. मौनीबाबा त्याला हात लावायचा नाही. मात्र जेवणाच्या सुट्टीत तो फोन कानाला धरून डोळे मिटून बसायचा. मला वाटलं, आळशीपणा. तो बाहेर गेला तेव्हा मीच जागा मोकळी केली, अपडेट घातलं, कार्डही वाचून टाकलं. शाबासकी मिळेल अशी अपेक्षा.

तो परत आला, त्याने फोन कानाला लावला आणि मटकन खाली बसला. ओठ हलत होते, घशातून नुसती हवा येत होती. मग त्याने चिठ्ठी लिहिली. मला ती दोनदा वाचावी लागली. लिहिलं होतं: तो माझा आवाज होता. आता कुठल्याच फोनमध्ये उरला नाही.

आणि खाली: तुझ्याआधी कार्ड मी वाचायचो.

मंगळवार, १८ तारीख

डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी बॅटरी लावून घसा बघितला. सूज नाही, गाठ नाही, काहीच नाही म्हणाले. मग मी बोलत का नाहीये असं विचारायचं होतं, ते लिहून विचारावं लागलं. मानसिक असेल म्हणाले.

कार्ड वाचायचं मी बंद केलंय. मालकीणबाई रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या की आता तशी गरजही नाही.

सातला फोन लावला तर पिटुकली वैतागली. म्हणाली, आई, आत्ताच तर आपण इतका वेळ बोललो, आता मला चित्र काढू दे. फोनमध्ये बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं, बेचाळीस मिनिटांचा कॉल. तेव्हा मी बाजारात होते आणि फोन खोलीत होता.

बुधवार, १९ तारीख

गिऱ्हाइकाला सांगते ते सगळं आज माझ्या फोनवर केलं. बंद करून चालू केला. कचरा साफ केला. ॲप काढली. सगळं पुसून पुन्हा भरला. शेवटी सिम काढून दाताखाली चावून तोडलं.

दुपारी दुकानातल्या फोनवरून ताईला मेसेज केला की ती मी नाही, माझ्या नावाने कुणाचाही फोन आला तर घेऊ नकोस. पाठवल्यावर वाचलं. पडद्यावर होतं: मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

तीन वेळा लिहिलं. तीन वेळा मजेत आहे.

शुक्रवार, २१ तारीख

ताईचं उत्तर दुकानातल्या फोनवर आलं. तिने लिहिलंय की हल्ली तू फोनवर किती शांत बोलतेस, माझंही सगळं ऐकून घेतेस. पूर्वीची ती चिडकी, हट्टी तू परत नकोच बाई.

मी काउंटरखाली बसून रडले. रडण्यालाही आवाज नाही.

ताई, तुला फरक कळला. कळला आणि आवडला.

दुपारनंतर पोस्टात जाऊन हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं. चार पानं, सगळं खरं खरं, मौनीबाबाचंसुद्धा. खाली पिटुकलीसाठी तिच्याच पिवळ्या खडूने चिमणी काढली. कागदाला कुठलं अपडेट येतंय. पत्र वाचून ताई येईल, ती मला असं सोडणार नाही.

सोमवार, २४ तारीख

ताईकडून काही नाही.

मौनीबाबा पिशवी भरून निघाला. जाताना चिठ्ठी दिली. पुढच्या अपडेटसाठी कंपनीवाले लहान मुलाचा आवाज शोधतायत, तो लिहितो. पोरांच्या फोनसाठी. मालकीणबाईंनी सगळ्यांना विचारून ठेवलंय, ओळखीत कुणी नवीन वाचायला शिकलेलं आहे का.

कुणाला विचारलं असेल, ते मला—

उद्या पहिल्या बसने घरी. पिटुकलीला उचलायचं आणि जिथे फोनच नाही अशा कुठल्यातरी ठिकाणी. जाणारच.

मंगळवार, २५ तारीख, सकाळ

बसला निघाले होते. दुकानाचं शटर वर होतं. इतक्या लवकर कधी नसतं.

आत गेले. मालकीणबाईंच्या टेबलावर माझं पत्र. चार पानं, उघडलेली, कपाच्या खाली दाबलेली. पिवळ्या चिमणीवर चहाचा गोल डाग.

पोस्टाने इथे आलं नाही ते. हाताने आणून दिलंय.

काचेच्या खोलीत दिवा आहे. ताई खुर्चीत बसलीय. तिने मला बघितलं. बघितलं आणि मान वळवली. माझ्या बहिणीने—

स्टुलावर पिटुकली. नवा फ्रॉक. हातात कार्ड.

दार आतून बंद. मी काच बडवतेय. मालकीणबाई ताईला काही समजावतायत, मी आजारी आहे असं काहीतरी असणार. ताईने टेबलावरच्या फोनला विचारलं. ओठांवरून कळलं. पोरीला वाचू देऊ ना, तिने विचारलं, मला नाही, त्या फोनला. काउंटरवरच्या सगळ्या फोनमधून माझा आवाज आला. हो, चालेल, तुम्ही म्हणाल तसं.

मी नाही म्हटलं. सगळा जीव एकवटून नाही म्हटलं. हवा.

पिटुकली बावरून इकडे तिकडे बघतेय. माझा आवाज तिला सांगतोय, घाबरू नकोस, मी इथेच आहे.

तिने आकडे सुरू केले. एक. दोन. प्रत्येक आकडा काउंटरवरच्या फोनांतून तिच्याच आवाजात.

ही वही आहे ना. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावते—

पिटुकले वाचू नकोस

तिने बघितलं. मला बघून हसली. जिवात जीव आला.

आणि वाचलं. मोठ्याने, बोट लावून, पि-टु-क-ले-वा-चू-न-को-स. सगळ्या फोनांतून आलं. मालकीणबाईंनी मान डोलावली. कार्डापेक्षा छान म्हणाल्या असणार. फोन तिच्या तोंडाजवळ सरकवला.

तोंड बंद कर बाळा आईचं ऐक

तेही वाचलं. आवाज शेवटी जरासा फाटला. उंदरासारखा.

ती माझ्याकडे बघतेय. पुढच्या पानाची वाट बघतेय. तिला वाटतंय हा खेळ आहे, शाबासकी मिळेल. कार्ड तिने खाली ठेवलंय, तिला आता फक्त माझी वही वाचायचीय. मी जे लिहीन ते ती वाचणार, म्हणजे आता मी एक अक्षरसुद्धा लि