शालूची पिशवी

लातूर, बुधवार, १२ फेब्रुवारी

डोस्कं फिरलंय माझं. सख्खा भाऊ, आणि सकाळी चहा पिता पिता म्हणतो, "अक्का, शालूची पिशवी काढून टाकू. डॉक्टर वळखीचा हाय. मूल व्हायची भीती न्हाई." पंचवीस वर्षांची पोरगी माझी. तिला समजायला उशीर लागतो, पण ती बहिरी न्हाई. मामा पिशवी नेणार म्हणून दिवसभर कापडी पिशवी छातीशी धरून बसली! तिच्यात रमेशनं दिलेल्या हिरव्या बांगड्या. रमेश तिच्यासारखाच, दोघं एकाच कार्यशाळेत मेणबत्त्या करतात. लग्न करायचं म्हणते, मीच दटावते.

आणि मी? भावाला न्हाई म्हणले न्हाई. कधी जायचं, असं विचारलं. का विचारलं?

सांजच्याला तिच्या पोटावर हात ठेवून सांगितलं, मामा ह्या पिशवीचं बोलला, लेकराच्या. ती म्हणाली, "मग ती बी माझीच हाय ना?"

लगेच भावाला फोन करून न्हाई म्हणले. "तू मेल्यावर तिला कोण बघणार?" म्हणला. रमेशच्या आईला निरोप धाडलाय: पोरांनी एकमेकांला पसंत केलंय, तुम्ही आडवं येणार का संग उभं राहणार, रविवारपर्यंत सांगा.