आरोहीच्या रक्तात नसलेलं

बेंगळुरू, सोमवार

आईस अंजनीचा नमस्कार.

आरोहीचा ताप आज कमी हाय, दोन घास भात खाल्ला. चौथ्यांदा न्युमोनिया का झाला ते कळलं. तिच्या रक्तात 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशीच न्हाईत, म्हणून रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी बनत न्हाईत. दुसऱ्यांच्या अँटीबॉडी दर महिन्याला सलाइनमधून द्यायच्या, जन्मभर. ते औषध तीन दिवस झाले, आलेलं न्हाय.

आप्पांना जांबोटीहून पाठवू नकोस, दवाखान्याच्या खोलीत कुणाला घेत न्हाईत. तुझा गुडघा कसा हाय?

"माझं रक्त घ्या," मी डॉक्टरबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "हे औषध हजारो माणसांच्या रक्तातून बनतं. पोटात असताना तुमच्याच अँटीबॉडी तिला मिळाल्या होत्या, त्या सहा महिने पुरल्या."

आई, आता तिला परत पोटात कशी घेऊ गं?

तुझी,
अंजनी